मनगटावरचा मुकादम

आमच्या टेकडीवर चालायला जाणाऱ्या मंडळींत एक तरुण मित्र आहे. अभ्यासू, कुणाच्याही अडीअडचणीला धावून जाणारा. गेल्या महिन्यात त्याने आम्हा सगळ्यांना एक लांबलचक टिपण पाठवलं. निमित्त मीच होते. मनगटावरचं पावलं-ठोके मोजणारं घड्याळ काढून ठेवलंय आणि आता पुन्हा घालणार नाही, असं मी चालता चालता म्हटलं होतं, ते त्याला मनापासून खटकलं. "काकू, जे मोजलं जात नाही ते सुधारत नाही," अशी त्याची सुरुवात. पुढे तीन मुद्दे होते. आकडे नसतील तर प्रगती कळत नाही. आकड्यांमुळे आळशी माणूसही उठून चालायला लागतो. आणि आकडे खोटं बोलत नाहीत. शेवटी, चोपन्नाव्या वर्षी तर घड्याळाची गरज उलट वाढते, असंही त्याने काळजीपोटी लिहिलं होतं.

त्याची काळजी खरी आहे, म्हणून उत्तरही नीट, थेट त्यालाच द्यायला हवं.

तुझं पहिलं वाक्य व्यवस्थापनाच्या वर्गातलं लाडकं वाक्य आहे. ते कधी पीटर ड्रकर यांच्या नावावर खपवलं जातं, कधी एडवर्ड्स डेमिंग यांच्या. डेमिंग संख्याशास्त्रज्ञ होते. महायुद्धानंतर जपानी कारखानदारांना आकड्यांच्या आधारे दर्जा कसा राखायचा हे त्यांनी शिकवलं. त्याच डेमिंग यांनी १९९३ च्या 'द न्यू इकॉनॉमिक्स' या पुस्तकात ही समजूत भ्रामक आहे आणि महागात पडते, असं बजावलं आहे. ज्यांचं आयुष्य मोजण्यात गेलं ते कारखान्याबद्दलसुद्धा इतके सावध होते. आपण मात्र त्यांचंच नाव पुढे करून माणसाच्या शरीराबद्दल बेधडक बोलतो.

आता आकड्यांच्या खरेपणाकडे येते. दहा हजार पावलांचंच घे. हा आकडा कुठल्या डॉक्टरने शोधून काढलेला नाही. १९६४ मध्ये टोकियोत ऑलिंपिक झालं, जपानमध्ये व्यायामाचं वारं सुटलं आणि पुढच्याच वर्षी यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचं एक पाऊलमापक बाजारात आणलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. नाव भरदार होतं, लक्षात राहिलं आणि साठ वर्षांत त्याचा जगभर नियम झाला. प्रत्यक्ष पावलं मोजून अभ्यास झाले ते फार नंतर. अमेरिकेत आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा हजारांवर वयस्क स्त्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्या स्त्रियांचं सरासरी वय ७२ होतं. दिवसाला २,७०० च्या आसपास पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण लक्षणीय कमी होतं आणि साधारण ७,५०० च्या पुढे हा फायदा वाढत नव्हता.

हे मी का सांगते? आमच्या इमारतीत सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आहेत. रात्री साडेदहाला त्या पार्किंगमध्ये गोल गोल फिरताना दिसतात. एक हात गाड्यांच्या बॉनेटवर टेकवत, गुडघा सांभाळत. मुलीने परदेशातून घड्याळ पाठवलंय आणि तिला तिकडे आकडा दिसतो. "नऊ हजार झाल्यात गं, हजार राहिल्या," असं मला त्या एकदा म्हणाल्या, आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी धास्ती होती. साठ वर्षांपूर्वी जपानमध्ये कुणाला तरी एक गोल आकडा आवडला, म्हणून कोथरूडच्या या बाईंनी दुखऱ्या गुडघ्याने रात्री सिमेंटवर फेऱ्या घालायच्या. मला याचा राग येतो.

तू हृदयाच्या ठोक्यांच्या 'झोन'बद्दल लिहिलंस. त्यामागचं, जास्तीत जास्त ठोके सांगणारं '२२० वजा वय' हे सूत्रही असंच रूढ झालेलं आहे. १९७१ च्या सुमारास फॉक्स आणि हॅस्केल या अमेरिकन संशोधकांनी हाताशी असलेल्या माहितीवरून काढलेली ती एक ढोबळ रेघ. २००१ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी ती दुरुस्त केली: वयाला ०.७ ने गुणा आणि ते २०८ मधून वजा करा. माझ्या वयाला पहिलं सूत्र १६६ ठोके सांगतं, दुसरं १७०. खरा माणूस मात्र दोन्हींपासून दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे असतो. कॅलरींची गोष्ट तर याहून वाईट. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात यंत्रं तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले. खर्च झालेल्या ऊर्जेत मात्र सर्वांत चांगलं यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. तरी लोक त्या आकड्यावर रात्रीची भाकरी ठरवतात.

यात यंत्राचा दोष नाही. त्याला जे कळतं तेच ते सांगणार. ते हाताचा झोका ओळखतं आणि त्यावरून पाऊल ठरवतं. दोन्ही हातांत मंडईच्या जड पिशव्या धरून मी घरापर्यंत चढ चढते तेव्हा हात हलत नाहीत, मग त्याच्या हिशेबी मी कमी चालले. खरं तर त्या दिवशी मी इतर दिवसांपेक्षा जास्त कष्ट केलेले असतात.

तुझा आळशी माणसाचा मुद्दा मला मान्य आहे, आणि तो मी अर्धवट मान्य करणार नाही. २००७ मध्ये पाऊलमापकांवरच्या २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला होता. मापक लावल्यावर लोक रोज दोन हजारांहून जास्त पावलं अधिक चालायला लागले, असं त्यात दिसलं. बसून राहिलेल्या माणसाला हे यंत्र उठवतं, यात शंका नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. उठलेला माणूस चालत राहतो का, आणि त्याला चालावंसं वाटतं का? ड्यूक विद्यापीठातल्या जॉर्डन एटकिन यांनी २०१६ मध्ये याच प्रश्नावर प्रयोग केले. मोजायला लागल्यावर लोक जास्त चालले, पण चालण्याची मजा कमी झाली. आवडीची गोष्ट कामासारखी वाटू लागली आणि मोजणं थांबलं की ती पुढे करायची इच्छाही उणावली. त्याच वर्षी वजन कमी करू पाहणाऱ्या ४७१ तरुणांवरचा दोन वर्षांचा अभ्यास आला. आहार-व्यायामाचं मार्गदर्शन सर्वांनाच होतं. ज्यांना वर अंगावरचं यंत्र दिलं त्यांचं वजन सरासरी साडेतीन किलोने घटलं, यंत्र न दिलेल्यांचं जवळजवळ सहा किलोने. एका अभ्यासावर मी सगळा डोलारा उभारणार नाही. पण यंत्र लावलं म्हणजे भागलं, असंही म्हणता येत नाही.

इथवरचं सगळं कुणीही वाचून लिहू शकेल. माझं भांडण वेगळं आहे आणि ते मी स्वतःच्या अंगावर पाहिलंय.

चौदा महिने मी ते घड्याळ घातलं. त्या चौदा महिन्यांत मी पूर्वीपेक्षा जास्त चालले, धावले, आणि बाकी जवळजवळ सगळं सोडलं. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं. एकेक गोष्ट आपोआप गळत गेली. बॅडमिंटन गेलं, कारण त्यात 'अंतर' होत नव्हतं. बागेतली खोदाई गेली. टेकडीवर जाणं टिकलं, पण वाट बदलली. पूर्वी मी वेताळ टेकडीवरच्या जुन्या दगडाच्या खाणीत उतरायचे. ती उतरायची म्हणजे काळ्या दगडाच्या ओबडधोबड पायऱ्यांवरून कधी बसून, कधी पाठमोरं होऊन, दोन्ही हात लावून. एक दगड तर असा आहे की त्यावर पाय ठेवण्याआधी डावा हात वरच्या कपारीत घालावाच लागतो. सकाळी ती कपार गार असते आणि बोटांना शेवाळाची ओल लागते. खाली पाण्याच्या कडेला दोन मिनिटं बसायचं. समोरच्या कड्यावर एखादा पिंगळा मान वळवून बघत असतो. मग दुसऱ्या बाजूने वर. या सगळ्याला अर्धा तास लागायचा, आणि घड्याळ म्हणायचं ९०० पावलं, वेग नगण्य. तेवढ्या वेळात वरच्या सपाट वाटेवर तीन हजार होतात. मी सपाट वाट धरली. खाण दिसायची, पण कडेने.

मुकादम असाच असतो. शेतात तऱ्हेतऱ्हेचं काम चाललेलं असतं, पण त्याला हजेरी मांडता येते तेवढंच त्याच्या लेखी काम. मग माणसंही तेवढंच करतात. तुझा मुद्दा होता की आकड्यांशिवाय प्रगती कळत नाही. मी म्हणते, आकड्याने मला एकाच गोष्टीत प्रगती दाखवली आणि दहा गोष्टींतली अधोगती लपवली. त्या काळात मी मिनिटा-सेकंदांनी वेगवान होत होते, आणि एक दिवस भाचीच्या मागे अंगणाच्या कठड्यावर चढायला गेले तर तोल गेला. पूर्वी मी त्या कठड्यावरून चालत जायचे. घड्याळात याची कुठेही नोंद नव्हती.

नडगीच्या हाडालाही त्याच वर्षी इजा झाली. रोज न चुकता धावण्याची साखळी २११ दिवसांवर गेली होती. १८० च्या आसपास उजव्या नडगीत एका बोटाएवढ्या जागी दुखायला लागलं. बोट दाबलं की कळ यायची. शरीर स्पष्ट शब्दांत सांगत होतं आणि मी साखळीकडे बघत होते. शेवटी डॉक्टरांनी हाडावर ताण आल्याचं सांगितलं आणि आठ आठवडे धावणं बंद केलं. धावायला मला कुणी भाग पाडलं नव्हतं. पण दुखणं आणि आकडा यांतलं कोण खरं, असा प्रश्न पडावा आणि उत्तर आकड्याच्या बाजूने द्यावं, इतकी माझी बुद्धी त्याने फिरवली होती.

आता माझ्या वयाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये शारीरिक हालचालींबद्दल नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, किमान दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम द्यावं, असं त्यात आहे. पासष्टीनंतर त्यात आणखी एक भर पडते: आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद दोन्ही घडवणाऱ्या विविध प्रकारच्या हालचाली. कारण म्हातारपणी माणसाला मोडतं ते पडणं. पावलांचा आकडा त्यात कुठेही नाही. विविधता मात्र शब्दशः आहे. मी पासष्टीच्या वाटेवर आहे, तर मला खाणीतला तो दगड हवा, कपार हवी, ओबडधोबड उतार हवा. हाडांनाही सारखी एकाच दिशेने पडणारी थाप पुरत नाही, वेगवेगळ्या दिशांनी येणारा भार लागतो. उडी, वळण, ओझं, लोंबकळणं.

आमच्या गावी, वाईजवळ, मोटेची जुनी विहीर आहे. पाठीला वाळका भोपळा बांधून वडिलांनी मला तिच्यात सोडलं तेव्हा मी सात वर्षांची होते. पुढे आम्ही पोरंपोरी थारोळ्यावरून मुटका मारायचो, बुडी मारून तळाची माती मुठीत घेऊन वर यायचो, चिरेबंदी भिंतीतल्या खोबणींना धरून पाण्याबाहेर चढायचो. मग वडाखाली सूरपारंब्या. एका दुपारी पोहणं, श्वास रोखणं, भिंत चढणं, पळणं, पारंबीला लटकणं. कुणी याला व्यायाम म्हटलं नव्हतं. घड्याळ घातलेल्या पहिल्या मे महिन्यात मी गावी गेले आणि विहिरीत उतरले नाही. गोल विहिरीत घड्याळाला अंतर कळत नाही, म्हणून मी सकाळी डांबरी रस्त्यावर धावून आले. पाणी हिरवंगार, काठोकाठ होतं. चुलतभाऊ हाक मारत होता. त्या गोष्टीची मला आजही हळहळ वाटते.

मोजण्यालाच माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. तालमीत जोर-बैठका मोजल्या जातात, पिढ्यान्‌पिढ्या. पण वस्ताद तोंडाने मोजतो आणि मोजून झालं की तो आकडा तिथेच संपतो. त्यानंतर हौदा खणायचा असतो, माती उलथायची असते, दोरावर चढायचं असतं, मुद्गल फिरवायचा असतो, आणि जोडीदाराशी अंग घासून लढायचं असतं. जोरांची संख्या त्या सगळ्यातला एक धागा असते. पैलवान लढतीत कसा उभा राहतो ते वस्ताद डोळ्यांनी बघतो. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्याला डॉक्टरांनी ठोके मोजायला सांगितले, तर त्याने जरूर मोजावेत. अनियमित ठोके काही जणांच्या मनगटावरच पहिल्यांदा लक्षात आले आहेत, हेही खरं. मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याला वेळ बघावीच लागते.

आणि स्पर्धेच्या जगातही आकडाच प्रमाण, हे सगळ्यांना कधीच पटलेलं नाही. १९३० च्या दशकात स्वीडनच्या गोस्टा होल्मेर या प्रशिक्षकाने 'फार्टलेक' नावाची पद्धत आणली. त्या शब्दाचा अर्थच वेगाचा खेळ. रानात जायचं, त्या झाडापर्यंत जोरात, मग सावकाश, चढ आला की पुन्हा जोर, मन म्हणेल तसं. लांब पल्ल्याच्या शर्यतीत फिनलंडच्या धावपटूंनी सगळ्यांना मागे टाकलं होतं, त्यांना गाठण्यासाठी काढलेला हा मार्ग. जगभरचे धावपटू आजही तो वापरतात.

तू विचारलंस, मग किती श्रम झाले ते कळणार कसं? आमच्यातल्या एक बाई चढावर अभंग म्हणतात, तू ऐकतोसच. खालच्या वळणापर्यंत चाल नीट लागते. टेकडीवरच्या मंदिराच्या अलीकडच्या उभ्या चढाला गाणं तुटतं, पण गप्पा चालू राहतात. बोलता येतं आणि गाता येत नाही, म्हणजे श्रम मध्यम आहेत, ही खूण व्यायामशास्त्रातही मान्य आहे. बोलणंही तुटलं तर श्रम जोराचे. प्रगतीही अशीच कळते. गेल्या पावसाळ्यात ज्या दगडावर मला हात लागत होता, तिथे या पावसाळ्यात लागत नाही.

माझी आई बारा वर्षं आळंदीहून वारीला गेली. वारी म्हणजे व्यायाम नव्हे. ती पांडुरंगासाठी चालायची आणि तिच्या चालण्याला माझ्या वादात ओढताना मला संकोच वाटतो. पण चालण्याबद्दल मला जे कळतं ते तिच्याकडून. पुण्याहून सासवडचा टप्पा सर्वांत लांबचा, तीस किलोमीटरच्या आसपास, आणि त्यात दिवे घाट. सासवडहून फोन केला की ती म्हणायची, "सासवड आलं." किती चाललीस, हे मी विचारलं तर तिला प्रश्नच समजायचा नाही. ती सांगायची ते वेगळंच. घाटात पाऊस लागला, डोक्यावरची तुळस दुसरीने घेतली, विसाव्याला चार फुगड्या झाल्या, एका म्हातारीचा पाय मुरगळला तर तिला धरून आणलं. डोक्यावर ओझं, हातात टाळ, पावली, फुगडी, रिंगणात पळणं, नीरेत स्नान. सुमारे अडीचशे किलोमीटर आणि जवळजवळ तीन आठवडे. परत आली की तिच्या पोटऱ्या दगडासारख्या असायच्या आणि डोळे निवलेले. घड्याळाने यातलं काय टिपलं असतं? अंतर. तिने मला तेवढंच कधी सांगितलं नाही.

तुझ्या टिपणात एक वाक्य होतं, ते मला सगळ्यांत जास्त लागलं. गेल्या वर्षी सिंहगडावर पोहोचल्यावर तुझ्या घड्याळाची बॅटरी पायथ्याच्या आतकरवाडीतच संपली होती हे कळलं, आणि 'तो चढ वाया गेला', असं तू लिहिलंस. मी त्या दिवशी तुझ्यामागे होते. पुणे दरवाज्याच्या आधीच्या टप्प्यावर ढग खाली उतरले होते आणि पाच पावलांवरचं माणूस दिसत नव्हतं. एका पाचवी-सहावीतल्या मुलीला भीती वाटायला लागली तेव्हा तू तिचा हात धरलास आणि दरवाज्यापर्यंत तिला गोष्ट सांगत नेलंस. वर आपण देवटाक्याचं पाणी प्यायलो, पिठलं-भाकरी खाल्ली. ती मुलगी अजून मला विचारते, तो दादा परत कधी येणार. यातलं वाया काय गेलं, ते मला तू सांग.

येत्या रविवारी आम्ही सहा-सात जण सकाळी साडेसहाला खाणीत उतरणार आहोत. ती मुलगीही येते आहे. लगोरीसाठी सात चपटे दगड मी पाण्याच्या वरच्या अंगाला रचून ठेवलेत. घड्याळ घालून आलास तरी माझी हरकत नाही, उतरताना तेवढं काढून खिशात ठेव, त्या कपारीत हात घालताना पट्टा अडकतो. आणि चेंडू तू आण. आमचा मागच्या रविवारी पाण्यात गेला.